वावरात बंदूक सापडली तर? हात लावू नका, लपवू नका, लगेच कळवा

मैत्रिणींनो, या वेळचा विषय जरा वेगळा आहे. बचत, कर्ज, व्याज हे आपण दर बैठकीत बोलतो. पण पऱ्हाटीच्या ढिगाखाली, नाल्याच्या काठी नाहीतर धुऱ्यावरच्या झुडपात एखादी बंदूक किंवा गावठी कट्टा पडलेला दिसला, तर काय करायचं हे आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. ढाणकीच्या आजूबाजूला पैनगंगा अभयारण्याचं जंगल आहे. रानडुकरांचा त्रास आहे. चोरून शिकार करणारे पकडले जायच्या भीतीने हत्यार टाकून पळू शकतात. अशा वेळी सरपण आणायला किंवा निंदायला गेलेल्या बाईलाच ते आधी दिसणार.

दिसल्याबरोबर काय करायचं?

१. हात लावायचा नाही. बंदूक गंजलेली असली तरी आत काडतूस असू शकतं. "रिकामी आहे का बघू" म्हणून घोडा ओढायचा नाही, नळीत डोकवायचं नाही. भरमार बंदुकीत तर दारू आणि छर्रे नळीतूनच ठासलेले असतात, ते बाहेरून दिसत नाहीत.

२. लेकरांना आणि जनावरांना लांब न्या. एका मोठ्या माणसाला थोड्या अंतरावर उभं करा. जागा सोडून सगळ्यांनी जाऊ नका.

३. ११२ नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे. गाव, शिवार, जवळची खूण सांगा आणि "कोणी हात लावलेला नाही" हेही सांगा. बिटरगाव पोलीस ठाण्यात किंवा गावच्या पोलीस पाटलांनाही कळवता येतं. जागा जंगलात असेल तर वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे. परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेणं हाच मुळात गुन्हा आहे.

४. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याचं हत्यार आहे तोच पोलिसांच्या आधी तिथे पोचेल.

५. पिशवीत घालून स्वतः ठाण्यात नेऊ नका. वाटेत गोळी सुटू शकते, आणि हत्यारावरचे बोटांचे ठसे पुसले जातात. त्या बंदुकीने कुठे गुन्हा झाला असेल तर तो पुरावाच जातो.

"नसती झंझट कशाला? विहिरीत टाकून देऊ"

हा विचार बऱ्याच जणींच्या मनात येईल. पण कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक जवळ ठेवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला साधारणपणे दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. मात्र "ताबा" म्हणजे जाणूनबुजून ठेवलेला ताबा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या निकालात सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या वावरात कोणी टाकलेली बंदूक तुम्हाला माहीतच नसेल, तर तो तुमचा गुन्हा होत नाही. पण दिसल्यावर ती कोठीत ठेवली, तर होतो. म्हणून दिसल्यापासून कळवण्यापर्यंतचा वेळ जितका कमी, तितक्या तुम्ही सुरक्षित.

विहिरीत टाकणं, पुरणं, तोडणं हाही उपाय नाही. अभिनेता संजय दत्तचा खटला सगळ्यांना माहीत आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात त्याच्यावरचा कटाचा आरोप टिकला नाही. एके-५६ रायफल त्याने मित्रांकरवी नष्ट करायला लावली होती. तरीही बेकायदा हत्यार जवळ ठेवल्याबद्दल २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवणं कायम ठेवलं आणि पाच वर्षांची शिक्षा दिली. एवढ्या मोठ्या माणसाला "हत्यार आता नाहीच" हे कामी आलं नाही, आपल्याला कसं येईल?

पोलिसांची भीती वाटते, त्याचं काय?

भीती वाटणं साहजिक आहे. पण तुमचे हक्क माहीत असू द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या ठिकाणी यायचं असतं. तुमची इच्छा असेल तर तुम्ही जाऊ शकता. जाताना गटातली एक ताई सोबत न्या. जबाब किंवा पंचनामा वाचून दाखवा म्हणा, पंचनाम्यावर समजल्यावरच सही किंवा अंगठा द्या. फोन केल्याची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा.

घरातच सापडली तर?

घरधनी किंवा सासरे वारले आणि त्यांची परवान्याची बारा बोअर घरात राहिली, असं होतं. परवाना त्या माणसाच्या नावाचा असतो, तो वारसाला आपोआप मिळत नाही. बंदूक उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. ही बंदूकही स्वतः उचलू नका, आधी ठाण्यात फोन करून कशी जमा करायची ते विचारा. परवान्याची बंदूक हरवली किंवा चोरीला गेली, तर परवानाधारकाने ताबडतोब ठाण्यात कळवायचं असतं.

मुलाने किंवा नवऱ्याने बिनपरवाना हत्यार आणून ठेवलं असेल, तर प्रश्न जड आहे. पण दारूच्या नशेत, भांडणात किंवा निराशेत तेच हत्यार घरातल्या माणसावर चालतं. गप्प बसून कोणी वाचत नाही. अशा वेळी आधी वकिलाचा सल्ला घ्या. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे.

भंगार समजून घेऊ नका

काडतूस, गोळा, रानडुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब यांनाही हाच नियम लावा. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण गेले. मृतांत जवळपासच्या गावांतले मजूर होते. जिथे जाणकारांच्या देखरेखीत काम चालतं तिथे असं होतं, तर पितळेच्या चार पैशांसाठी आपण हात का घालावा?

पुढच्या बैठकीत हे करा: ११२, १९२६ आणि १५१०० हे तीन नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये भरून द्या. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्या घरच्या भिंतीवर लिहा. आणि लेकरांना एवढंच शिकवा: बंदूक दिसली की थांबायचं, हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं.