गिऱ्हाइकाचा अभिप्राय मागावा कसा?

दुकानदाराने गिऱ्हाइकाचा अभिप्राय मागणे ही काही आजची कल्पना नव्हे. एस.टी. स्थानकावर तक्रार-पुस्तक असते, संस्थांमध्ये शेरेबुक असते, आणि 'आवडल्यास इतरांना सांगा, न आवडल्यास आम्हाला सांगा' ही पाटी तर कितीतरी खाणावळींत आपण वाचलेली आहे. फरक एवढाच की, शेरेबुक गल्ल्याजवळ पडून राही; आज गूगलच्या नकाशावर लिहिलेले चार शब्द, दुकान कधी न पाहिलेला माणूसही वाचतो.

आमच्या करमाडला हा फरक विशेष जाणवतो. जालना रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. जुने गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतले. ते दुकानाची पाटी वाचत नाही, माणूस ओळखते. परंतु शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत वाढली, २०१९ मध्ये ऑरिक सिटीतील मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. कामासाठी दुरून आलेल्या माणसाला येथे विचारायला मामा-काका नसतात. तो फोन काढतो आणि तारे मोजतो.

माझे वडील मोटार वायंडिंगचे काम करतात. विहिरीवरची मोटार जळाली की ती त्यांच्याकडे येते. फोनवरचा कारभार अर्थात माझ्याकडे. एका गृहस्थाने आम्हाला ठरावीक रकमेत पन्नास 'पंचतारांकित' अभिप्राय देऊ केले होते. दादांनी एवढेच विचारले, "यातल्या किती जणांची मोटार आपण भरली?" गृहस्थ परत आले नाहीत.

नियमही दादांच्याच बाजूने आहे. पैसे किंवा सूट देऊन अभिप्राय घेणे गूगलला मान्य नाही. खूष दिसणाऱ्यांनाच निवडून विचारणेही नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आय.एस. १९०००' हे मानक काढले. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवले असले, तरी विकत घेतलेले अभिप्राय त्यात बसत नाहीत.

मग मागावे कसे? माझ्या मते खरा प्रश्न वेळेचा आहे. मोटार टेम्पोत चढताना विचारण्यात अर्थ नाही. ती विहिरीत उतरून आठ दिवस पाणी ओढेल, तेव्हा माणूस सांगू शकेल. म्हणून आम्ही आठवड्याने फोन करतो, आणि तो सर्वांना करतो. दुसरी गोष्ट उधारीची. वहीत ज्याचे नाव आहे त्याला 'दोन शब्द लिहा' म्हटले, तर तो बिचारा नाही कसे म्हणणार? तो अभिप्राय नव्हे, व्याज झाले! अशांना आम्ही उधारी फिटल्यावरच विचारतो.

काहींना फोनवर लिहिता येत नाही. ते सांगतात, मी त्यांच्याच फोनवर लिहितो आणि वाचून दाखवतो. येथे हात आवरावा लागतो, बी.ए.च्या विद्यार्थ्याला विशेषणांचा मोह फार! एका शेतकऱ्याने सांगितले, "मोटार चांगली चालते, पण चार दिवस उशीर केला, ऊस वाळला." मी तेच लिहिले आणि तीन तारे दिले, कारण त्यांनी तीनच सांगितले. दादांनी ते मला दोनदा वाचायला लावले. मग त्याखाली आम्ही उत्तर लिहिले: त्या आठवड्यात तांब्याची तार आली नव्हती, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.