वादळाची वर्दी देणारा ॲडमिरल

आमच्या घरात हवामानखात्याला फारसा मान नाही. मे महिन्यात सासूबाईंचे पापड-कुरडयांचे काम निघाले, की मी सकाळी वर्तमानपत्रातला अंदाज मोठ्याने वाचून दाखवते आणि त्या म्हणतात, "तुझं ते राहू दे गं. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या नाहीत अजून." गेल्या वर्षी मुंग्याही चुकल्या आणि खातेही चुकले. पापड भिजले ते भिजलेच; पण बोलणी खाल्ली ती एकट्या खात्याने. मुंग्यांना कोणी अवाक्षर बोलले नाही!

त्या दिवशी मला एका इंग्रज गृहस्थाची आठवण झाली. वर्गात मी 'भविष्य', 'भाकीत' आणि 'अंदाज' या शब्दांमधला फरक शिकवते. इंग्रजीत हवामानाच्या अंदाजाला 'फोरकास्ट' म्हणतात. या अर्थाने तो शब्द रूढ केला तो कोणा भाषापंडिताने नव्हे, तर आरमारातल्या एका अधिकाऱ्याने. 'हे भविष्य नव्हे, भाकीतही नव्हे. निरीक्षण आणि गणित यांवरून बांधलेले हे एक मत आहे,' असे तो लोकांना कळवळून सांगत असे. लोकांनी ऐकले नाही. शब्द तेवढा उचलला.

त्याचे नाव रॉबर्ट फिट्झरॉय. जन्म १८०५ चा, घराणे ड्यूकांचे, दुसऱ्या चार्ल्स राजापर्यंत मूळ पोचणारे. बाराव्या वर्षी तो पोर्टस्मथच्या नाविक विद्यालयात दाखल झाला आणि पुढे लेफ्टनंटच्या परीक्षेत त्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले. असा विद्यार्थी मास्तरांना आवडतो, सोबत्यांना जरा जड जातो. जहाजावरही तसेच झाले. कप्तान म्हणून तो इतका कडक आणि शीघ्रकोपी, की सकाळी पहारा बदलताना अधिकारी एकमेकांना हळूच विचारत, "आज गरम कॉफी कितीशी वाढली गेली?"

१८२८ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला 'बीगल' या जहाजाच्या कप्तानाने एकाकीपणाला कंटाळून आत्महत्या केली आणि अवघ्या २३ वर्षांच्या फिट्झरॉयकडे ते जहाज आले. काही महिन्यांतच, जानेवारी १८२९ मध्ये, माल्डोनाडोजवळ वावटळीने 'बीगल'ला गाठले. डोलकाठ्या मोडल्या, दोन खलाशी बुडाले. त्याआधी वायुभारमापकातला पारा उतरत होता. फिट्झरॉयने तो पाहिलाही होता, पण मनावर घेतला नव्हता. त्या दोघांचा दोष त्याने कायमचा स्वतःच्या माथी घेतला. पुढे जे घडले त्याचे मूळ मला तरी त्या उतरत्या पाऱ्यात दिसते.

दुसऱ्या सफरीवर निघताना त्याला बरोबर एक सुसंस्कृत सोबती हवा होता. आधीच्या कप्तानाचा शेवट डोळ्यांपुढे होता आणि त्याचे सावत्र मामा, मंत्री कॅसलरे, यांनीही १८२२ साली आत्मघात केला होता. तीच वाट आपल्या वाट्याला येईल ही भीती त्याला पोखरत असे. सोबती मिळाला तो २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचे फिट्झरॉयला वेड होते. या नाकाच्या माणसात धडाडी असणार नाही, असे म्हणून तो डार्विनला नाकारणार होता! नाकाने थोडक्यात अडवलेली ही सफर डिसेंबर १८३१ ते ऑक्टोबर १८३६ चालली. जहाजावर २२ कालमापक घड्याळे होती, त्यांपैकी ६ कप्तानाच्या स्वतःच्या पैशांची. पाहणीला दुसरे जहाज हवे म्हणून त्याने तेही पदरचे पैसे घालून घेतले. सरकारने ते पैसे दिले नाहीत. ब्राझीलमधल्या गुलामगिरीवरून दोघा मित्रांचे कडाक्याचे भांडण झाले, मग कप्तानानेच क्षमा मागितली.

मधली वर्षे भराभर सांगते. १८४१ मध्ये तो पार्लमेंटात गेला, १८४३ मध्ये न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. तिथे जमिनीच्या तंट्यात माओरींची बाजू न्याय्य आहे असे बोलून दाखवल्याने गोरे वसाहतवाले बिथरले आणि १८४५ मध्ये त्याला परत बोलावले गेले. १८५७ साली तो रिअर ॲडमिरल आणि १८६३ साली व्हाइस ॲडमिरल झाला, तो ज्येष्ठतेच्या हिशेबाने, लंडनच्या एका कचेरीत खुर्चीवर बसून.

पण त्या खुर्चीतच खरी गोष्ट आहे. १८५४ मध्ये सरकारने हवामानाचे आकडे गोळा करायला एक लहानसे खाते काढले आणि मोजके कारकून देऊन ते फिट्झरॉयच्या हाती सोपवले. काम आकडे जमवण्याचे, पुढचे सांगण्याचे नव्हे. मग ऑक्टोबर १८५९ मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेले 'रॉयल चार्टर' जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर आपटले. सुमारे ४५० माणसे गेली. ऑस्ट्रेलियाच्या खाणींत कमावलेले सोने कमरेला बांधून घरी निघालेले ते लोक; घर एका दिवसावर आले होते.

फिट्झरॉयने त्या वादळाचे नकाशे काढले आणि दाखवून दिले, की ते येताना दिसत होते. तारायंत्र वाऱ्यापेक्षा वेगाने धावते. एका किनाऱ्याची बातमी वादळाआधी दुसऱ्या किनाऱ्याला पोचू शकते. १८६१ च्या फेब्रुवारीपासून त्याने धोक्याचे इशारे सुरू केले. बंदरावरच्या काठीवर शंकू चढायचा: टोक वर असेल तर उत्तरेचे वादळ, खाली असेल तर दक्षिणेचे. रात्री कंदील. आपल्या बंदरांवर धोक्याचे शंकू आणि नळकांडी चढू लागली ती याच घराण्यातली. कोकणात 'बावटा लागला' म्हणतात तोच हा प्रकार. गरीब कोळ्यांच्या वस्त्यांत त्याने वायुभारमापकही बसवले. त्याच वर्षी १ ऑगस्टला 'टाइम्स'मध्ये जनतेसाठी पहिला हवामान अंदाज छापून आला.

आणि चेष्टा सुरू झाली. अंदाज बरोबर आला तर कोणी पत्र लिहीत नसे. चुकला की वर्तमानपत्रे टोमणे मारीत. पार्लमेंटात तारांच्या खर्चाचा हिशेब मागितला जाई. बावटा पाहून खलाशी किनाऱ्यावर थांबत, म्हणून बोटींचे मालक रागावत. शास्त्रज्ञ म्हणत, याला सिद्धान्ताचा पाया नाही. त्यात तथ्यही होते. दुसरे एक दुःख मनात होतेच. पक्का धर्मनिष्ठ असलेल्या या माणसाने ज्याला पाच वर्षे जगभर फिरवले, त्याच्याच ग्रंथाने बायबलाला हादरा दिला होता. १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत तो हातात बायबल उंचावून उभा राहिला, तेव्हाही लोक हसले.

३० एप्रिल १८६५, रविवारची सकाळ. कुटुंब चर्चला जायच्या तयारीत असताना, ज्या शेवटाला तो आयुष्यभर भीत होता, त्यानेच त्याला गाठले. मागे संपत्ती नव्हती, कर्ज होते. कुटुंबासाठी निधी उभारला गेला, तेव्हा डार्विनने १०० पौंड दिले.

पुढच्या वर्षी चौकशी समिती बसली, तिने त्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला आणि डिसेंबर १८६६ मध्ये इशारे बंद झाले. तेव्हा मात्र बंदराबंदरांतून ओरड उठली: चुकले तरी चालतील, पण आमचे शंकू परत द्या. वर्षभरात ते परत चढवावे लागले. वर्तमानपत्रांतले अंदाज १८७९ मध्ये पुन्हा सुरू झाले. आपल्याकडचे हवामानखाते त्याच सुमाराचे, १८७५ चे. पुण्याला त्याचे कार्यालय आले ते १९२८ मध्ये.

ब्रिटिश रेडिओवर खलाशांसाठी रोज समुद्राच्या एकेका भागाचे नाव घेऊन हवामान सांगतात. २००२ साली त्यांतल्या 'फिनिस्टेअर' या भागाचे नाव बदलून 'फिट्झरॉय' ठेवले. सासूबाईंना हे सगळे मी एकदा पापड लाटता लाटता सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उद्याचं काय म्हणतंय तुझं खातं?"