वडिलांचा व्हाइस भंगारात घालू नका

घरात वाटणी होते तेव्हा गाळा, दुकान, दागिने यांचा हिशेब बारकाईने होतो. कोपऱ्यातल्या गंजलेल्या व्हाइसकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. अखेर तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो आणि बिडाच्या भावाने जातो. कारागीर बांधवांना आमचे सांगणे आहे की, हा सौदा तोट्याचा आहे.

व्हाइसमध्ये झिजणारे भाग मुख्यतः तीन : जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्या, स्क्रू आणि नट. हे तिन्ही बदलता येतात. बिडाचे अंग सांभाळले तर ते दोन-तीन पिढ्या टिकते. इंग्लंडमधील शेफिल्डचे ‘रेकॉर्ड’ छापाचे जुने व्हाइस आजही अनेक कारखान्यांत कामावर आहेत.

मात्र आधी तपासणी करावी. व्हाइस पूर्ण खोलून ब्रशने साफ करावा. सरकता जबडा, बैठक आणि नटाची जागा येथे तडा किंवा जुने वेल्डिंग आहे का ते पाहावे. बीड ठिसूळ असते. त्यावर साधे वेल्डिंग केले तर शेजारी नवा तडा जातो. अशा व्हाइसवर जोराचे काम करू नये. तडा नसेल, पण हँडल बरेच फिरवूनही जबडा हलत नसेल, तर नट झिजला आहे. तो लेथवाल्याकडून नवा करून घ्यावा. चोरबाजारातून जुना व्हाइस घेतानाही हीच तपासणी करावी.

गंजलेले सुटे भाग रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवावेत, विस्तवापासून दूर. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. स्क्रूला ग्रीस लावावे.

बसवताना जबड्यांची वरची कड कोपराच्या उंचीवर यावी. स्थिर जबडा टेबलाच्या कडेबाहेर थोडा असावा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. हँडलवर पाइप घालून कधीही आवळू नये. जुने व्हाइस बहुधा असेच फुटतात. ठोकायचे असेल तर घाव स्थिर जबड्याच्या दिशेने घालावा. पितळ, ॲल्युमिनियम यांसारखे नरम काम धरताना जबड्यांवर तांब्याचा पत्रा बसवावा.

आता हिश्श्याची गोष्ट. वडिलांच्या मागे राहिलेले हत्यार हे त्या धंद्यात असलेल्या एकट्या मुलाचे नसते. त्यात आई, बहिणी, भाऊ या सर्व वारसांचा हिस्सा असतो. भंगाराच्या भावाने किंमत लावून चालू स्थितीतला व्हाइस स्वतःकडे ठेवणे म्हणजे बहिणींचा हक्क कमी करणे होय. बाजारात तसा जुना व्हाइस काय भावाने मिळतो ते विचारावे, सर्वांच्या संमतीने किंमत ठरवावी आणि मगच तो घरी आणावा.

काही जणांना जुने व्हाइस जमवण्याचा छंद लागतो. त्यात गैर काही नाही. परंतु चार इंची एक आणि जड कामासाठी सहा इंची एक, एवढ्यात घरच्या कारखान्याचे भागते. तिसरा हाती आला तर तो दुरुस्त करून नव्याने धंद्यात उतरणाऱ्या पुतण्याला किंवा भाच्याला द्यावा. हत्यार कपाटात ठेवण्यापेक्षा हातात राहिलेले बरे.