कॉफीची प्रत : तोडणीपासून साठवणीपर्यंत

कॉफीच्या झाडास उन्हाळ्यात एखादी चांगली सर मिळाली की आठ-दहा दिवसांत पांढरी, सुवासिक फुले उमलतात. तेथून फळ पिकेपर्यंत अरेबिका जातीस आठ ते नऊ महिने लागतात. एवढ्या दीर्घ काळात बागाइतदाराने घातलेले खत, राखलेली सावली व वेचलेले श्रम तोडणीनंतरच्या जेमतेम पंधरवड्यात सार्थकी लागतात किंवा वाया जातात.

कर्नाटकातील बाळेहोन्नूर येथे १९२५ साली कॉफी संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यापुढे मुख्य शत्रू होता तो पानांवरील तांबेरा. १८६९ साली श्रीलंकेत आढळलेल्या या रोगाने तेथील कॉफीचे मळे पुढील काही दशकांत उजाड केले व त्यांच्या जागी चहा आला. बाळेहोन्नूरच्या शास्त्रज्ञांनी ‘केंट’ या निवडक वाणाशी संकर करून ‘एस. ७९५’ हा वाण सिद्ध केला. त्याची प्रतिकारशक्ती कालांतराने उणावली असली, तरी चवीमुळे तो आजही लोकप्रिय आहे. तथापि एकाच वाणाची फळे दोन शेजाऱ्यांनी निरनिराळ्या रीतीने हाताळल्यास दोघांच्या मालास सारखा भाव मिळत नाही. आपल्या देशातील बहुसंख्य कॉफी उत्पादक लहान बागाइतदार असल्याने हा फरक त्यांना विशेष जाणवतो.

तोडणी पूर्ण पिकलेल्या लाल फळांचीच करावी. झाडावरील सर्व फळे एकदम पिकत नाहीत; म्हणून मजुरांस त्याच झाडाकडे तीन-चार वेळा पाठवावे लागते. मजुरी वाढते हे खरे, पण हिरवी फळे ओरबाडून मिसळल्यास ती साल काढण्याच्या यंत्रात नीट चिरडत नाहीत आणि त्यांच्या बियांमुळे पेयास तुरटपणा येतो. एक किलो तयार बी मिळण्यास सुमारे पाच ते सहा किलो पिकलेली फळे लागतात, हे ध्यानात घेता निवडीतील हयगय किती महाग पडते हे सहज कळेल.

तोडलेली फळे पाण्यात टाकून तरंगणारी वेगळी करावीत व त्याच दिवशी साल काढावी. साल निघाल्यावर बीवर चिकट गराचा थर राहतो. तो पाण्याने धुऊन जात नाही, कारण त्यात पेक्टिन असते. हौदात बी ठेवल्यावर सूक्ष्म जंतू व विकरे यांच्या क्रियेने हा थर सुटतो. अरेबिकास यासाठी साधारणपणे २४ ते ३६ तास लागतात. थंडीच्या रात्री अधिक, उबदार हवेत कमी. म्हणून केवळ घड्याळावर विसंबू नये. मूठभर बी पाण्यात धुऊन चोळावे. ते खड्यांप्रमाणे खरखरीत लागले की आंबवण पुरी झाली असे समजून लगेच धुवावे. त्यापुढे ठेवलेल्या बीस आंबूस दर्प येतो. यंत्रात किंवा हौदाच्या कोपऱ्यात आदल्या दिवसाचे एखादे बी अडकून राहिले, तर तेही कुजून दुसऱ्या दिवशीच्या संपूर्ण मालाची चव बिघडवू शकते. यंत्र व हौद रोज स्वच्छ घासणे हा या कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. धुण्याचे पाणी मात्र ओढ्यात सोडू नये. त्यातील सेंद्रिय द्रव्य पाण्यातील प्राणवायू खाते.

यानंतर वाळवण. स्वच्छ, पक्क्या खळ्यावर किंवा जाळीच्या मांडवांवर बी पातळ पसरून वारंवार उलटावे आणि दव पडण्यापूर्वी झाकावे. भर दुपारच्या कडक उन्हात बीवरील कागदासारखे टरफल तडकते, तेव्हा तेथे थोडी सावली करावी. ओलाव्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आल्यावर वाळवण थांबवावी. ठराविक मापाच्या डब्यात भरून दोन दिवस लागोपाठ वजन सारखे आले की माल तयार झाला. ओला माल साठविल्यास बुरशी चढते. काही बुरशी विषारी द्रव्य निर्माण करतात आणि आयात करणारे अनेक देश त्यावर कडक मर्यादा घालतात. जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटकातील कॉफी-पट्ट्यात अवेळी पाऊस झाला, तेव्हा खळ्यावरील माल वाचविणे किती कठीण असते हे दिसून आले. अशा प्रसंगी ताडपत्री हाताशी असणे अत्यावश्यक ठरते.

महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या डोंगरावर कॉफीची लागवड आहे. क्षेत्र अल्प असले तरी हे नियम तेथेही तसेच लागू पडतात.

वाळलेली कॉफी स्वच्छ गोणपाटाच्या पोत्यांत भरून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावी. खते, रॉकेल अथवा कीटकनाशके त्याच खोलीत असू नयेत, कारण बी शेजारच्या वस्तूंचा वास चटकन शोषून घेते.