पांढऱ्या मांजरीचे कान

पांढऱ्या मांजरीच्या कानांच्या टोकांवर केस विरळ असतात आणि खालच्या कातडीला रंग नसतो. वर्षानुवर्षं बाल्कनीतल्या उन्हात लोळून तिथं आधी लाली येते, मग खपली धरते, पडते, पुन्हा धरते. आमच्या मनीचं हेच झालं. निदान स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग. दोन्ही कानांचे शेंडे कापावे लागले. कानावरचा हा रोग वेळेत पूर्ण काढला तर बहुधा तिथंच थांबतो, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

घरी आणल्यावर पहिली रात्र भुलीची. मांजर झोकांड्या खाते आणि तरीही उंचावर चढायला बघते. म्हणून लहान खोली, जमिनीवर गोधडी, दार बंद. अंग गार पडलेलं असतं, तेव्हा ऊब हवी. खाणं अगदी थोडं.

खरी परीक्षा जखम खाजवू नये म्हणून गळ्यात घातलेल्या शंकूसारख्या कॉलरची. ती चुकवायला मनी उलटी उलटी चालायची, दाराच्या चौकटीला अडकायची. बघवत नाही, पण दयेपोटी कॉलर काढू नये. मागच्या पंजाचा एकच फटकारा टाके उसवायला पुरतो. त्यापेक्षा तिची सोय करावी: खोल वाटीऐवजी कॉलरच्या घेरात मावेल अशी लहान पसरट बशी, तीही पालथ्या वाडग्यावर ठेवलेली. ट्रेमधली वाळू कॉलरमध्ये भरते आणि जखमेला चिकटते, म्हणून टाके निघेपर्यंत वर्तमानपत्राचे कपटे. तिला अंग चाटता येत नाही, तर ओल्या फडक्याने हनुवटी आणि मान हलकेच पुसावी. मनी डोळे मिटून मान पुढं करायची.

टाके साधारण 10 ते 14 दिवस राहतात. रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीच्या उजेडात कानाची कड बघायची. कड कोरडी, जुळलेली, किंचित लालसर असेल तर ठीक. पहिल्या दिवशी मान झटकल्यावर भिंतीवर रक्ताचे बारीक थेंब उडतात. स्वच्छ गॉज दाबून धरलं की थांबतं. थांबलं नाही, सूज वाढली, पू किंवा वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आपल्याकडे जखम दिसली की हात हळदीच्या डब्याकडे जातो. टाक्यांवर हळद नको, डेटॉल तर नकोच. मांजरीला ते विषारी आहे. माणसांची पॅरासिटॅमॉलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते, कारण तिचं यकृत ती पचवू शकत नाही. आणि दुखतंय म्हणून मांजर ओरडेलच असं नाही. ती पोक काढून कोपऱ्यात बसते, कधी गुरगुरतेसुद्धा. दिवसभर तोंडाला काही लावलं नाही तर थांबू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साचून नवंच दुखणं उभं राहतं.

घरात पांढरी मांजर असेल तर आजच तिचे कान उजेडात बघा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली खपली दिसली तर मलम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि भर दुपारी तिला उन्हात बसू देऊ नका.