हरलेला डाव वहीत लिहा

भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, खाचरातल्या ओलीवर वाल पेरला, की ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हाती संध्याकाळ उरते. भिवंडी तालुक्यात मानकोलीच्या आसपास तर ती आता बारमाही उरू लागली आहे. महामार्गाच्या दोन्ही अंगांना जिथे खाचरे होती तिथे गोदामे उभी राहिली. कुणाची जमीन विकली गेली, कुणी भाड्याने दिली, कुणाचा मुलगा गोदामात पाळीवर जातो. हात मोकळे झाले, पण मोकळ्या वेळेचे काय करायचे हे कुणी शिकवले नाही. मग नाक्यावर तीन पत्ती, जोडीला बाटली, आणि घरी मोबाईल. याने किती घरे बसली हे तुम्हाला मी सांगायला नको.

याच संध्याकाळी काही गावांत देवळाच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसतो. पाहून बरे वाटते. पण तिथेही एक तक्रार नेहमी कानावर येते. "साहेब, वीस वर्षे खेळतोय, पण खेळ आहे तिथेच. परवा भावाच्या पाचवीतल्या पोराने मात दिली. आता या वयात काय सुधारणार?" असे म्हणून माणूस पटावरून उठतो, आणि पुष्कळदा तो परत बसत नाही. त्या उठून गेलेल्या माणसाला पुन्हा पटावर बसवावे, म्हणून आजचा हा लेख.

वय आडवे येते का?

लहान मुलाला वेळ भरपूर असतो, त्याची स्मरणशक्ती ताजी असते आणि हरल्याची लाज त्याला फार वेळ टिकत नाही. आपल्याला घर आहे, गुरे आहेत, कर्जाचा हप्ता आहे. तेव्हा मुलाच्या वेगाने आपण शिकणार नाही, हे मान्य करावे. पण शिकणारच नाही, हे मात्र खोटे.

आपल्या देशातली पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९५५ साली आंध्रात एलुरू येथे झाली. तिचे विजेतेपद डी. वेंकय्या यांच्याबरोबर विभागून मिळवले ते रामचंद्र सप्रे या मराठी खेळाडूने. सप्रे यांचा जन्म १९१५ चा. म्हणजे राष्ट्रीय विजेते झाले तेव्हा ते चाळिशीला पोचले होते.

दुसरे उदाहरण पंजाबातल्या मीर सुलतान खान यांचे. ते लहानपणी वडिलांकडून देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. गावातल्या वडीलधाऱ्यांना ती पद्धत आठवत असेल : प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई. युरोपातले नियम सुलतान खान विशी उलटल्यावर शिकले. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवले, आणि मायदेशी परतून पुढे शेती केली. १९६६ साली ते वारले. २०२४ साली जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर ठरवले. असा माणूस लाखात एक, हे खरे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. डावाची सुरुवात हा त्यांचा कच्चा भाग होता. सोंगट्या कमी झाल्यावरच्या शेवटच्या खेळात ते भले भले जिंकत. याचा उपयोग आपल्याला पुढे होणार आहे.

जास्त खेळून खेळ का वाढत नाही?

भाताचे उत्पन्न का घटले हे न पाहता दरवर्षी युरियाची एक गोण वाढवणारा शेतकरी तुम्ही पाहिला असेल. जमिनीला उणीव असते दुसऱ्याच कशाची, आणि खर्च होतो युरियावर. नुसते डावावर डाव खेळत जाणे हे तसेच आहे. तीच चूक वीस वर्षे केली म्हणजे वीस वर्षांचा अनुभव होत नाही. मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव रात्री बारापर्यंत खेळणे तर त्याहून वाईट. जेवणात चटणी असावी. ताटभर चटणी खाऊन कुणाचे पोट भरत नाही.

आधी माती परीक्षण, मग खत, हे आम्ही तुम्हाला सांगत आलो. बुद्धिबळातले माती परीक्षण म्हणजे आपले हरलेले डाव. त्यासाठी डाव लिहायला शिका. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच ही नावे आहेत आणि पांढऱ्याकडून वर जाणाऱ्या आडव्या रांगांना १ ते ८ आकडे. राजापुढचे पांढरे प्यादे दोन घरे गेले तर 'ई-४' लिहायचे. त्या बाजूचा घोडा बाहेर आला तर 'घोडा एफ-३'. मुलाची शाळेची जुनी वही पुरते. दोन संध्याकाळीत सवय होते.

असे दहा डाव लिहिले की वही घेऊन शांत बसा. प्रत्येक हरलेल्या डावात कोणत्या चालीला गाडी घसरली ते शोधा आणि समोर एका ओळीत कारण लिहा : सोंगटी फुकट गेली, सुरुवातीलाच फसलो, की शेवटी जिंकायचे ठाऊक नव्हते. दहापैकी सहा-सात डावांत एकच कारण सापडले, तर तीच तुमच्या जमिनीची उणीव समजा. मोबाईलवरचा संगणक चूक लगेच दाखवतो, पण त्याला नंतर विचारा. आधी स्वतः शोधलेली चूक ध्यानात राहते. आयते मिळालेले उत्तर दुसऱ्या दिवशी विसरते.

चाल करण्याआधी तीन प्रश्न

नवख्यांचे आणि आपल्यासारख्या हौशींचे बहुतेक डाव मोठ्या डावपेचांनी हरत नाहीत. सोंगटी उघडी पडते आणि समोरचा ती उचलतो. हिशेब पाठ ठेवा : प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. नऊचा माल तीनला देऊन कोणता व्यापारी तगला आहे?

म्हणून हात सोंगटीला लावण्याआधी मनात तीन प्रश्न विचारा. समोरच्याने आत्ताची चाल का केली, त्याचा डोळा कशावर आहे? मी ही चाल केली तर माझी कोणती सोंगटी उघडी पडते? आणि त्याला शह देता येतो का, काही फुकट मारता येते का? पहिले काही दिवस हे जड जाईल. समोरचा म्हणेल, "किती वेळ लावता!" त्याला म्हणू द्या. बैलाला जू अंगवळणी पडायलाही काही दिवस लागतातच.

सुरुवात पाठ करू नका, समजून घ्या

शहरातली मुले डावाच्या सुरुवातीच्या वीस-वीस चाली पाठ करतात. आपल्याला ते नको. मधली प्यादी पुढे घ्या, घोडे आणि उंट लवकर बाहेर काढा, किल्लेकोट करून राजा सुरक्षित करा, आणि वजीर घाईने पुढे नेऊ नका. एवढ्यावर वर्षभर भागते.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा, कारण शाळकरी पोरे मोठ्यांना याच सापळ्यात धरतात. पांढरा ई-४ खेळतो, तुम्ही ई-५. तो उंट सी-४ वर आणतो, तुम्ही घोडा सी-६ वर. मग तो वजीर एच-५ वर नेतो. आता वजीर आणि उंट दोघांचाही डोळा एफ-७ च्या प्याद्यावर असतो, आणि त्या प्याद्याला राजाशिवाय राखणदार नसतो. इथे वजिराला हाकलायला म्हणून घाईने दुसरा घोडा एफ-६ वर आणाल, तर पुढच्याच चालीत वजीर एफ-७ घेऊन मात करील. त्याऐवजी जी पट्टीतले प्यादे एक घर पुढे सारा. वजिराला मागे फिरावे लागेल, आणि तो पळापळ करीत असताना तुमच्या सोंगट्या बाहेर येतील. भावाच्या पोराचे गुपित एवढेच होते!

शेवटापासून शिका

सुलतान खान यांचे बळ शेवटच्या खेळात होते, हे वर सांगितले. मोठ्या वयात शिकणाऱ्याला हाच भाग सर्वांत फायद्याचा. इथे पाठांतर थोडे, समज जास्त, आणि एकदा कळले की जन्मभर कामी येते.

पहिला धडा बांधावरचा. अरुंद बांधावर दोन माणसे समोरासमोर आली, मध्ये एकच पाऊल जागा. ज्याला आधी हलावे लागते तो बाजूला होतो आणि दुसरा पुढे जातो. पटावर असेच मांडून पाहा : पांढरा राजा ई-५ वर, त्याच्या मागे प्यादे ई-४ वर, काळा राजा ई-७ वर, बाकी पट रिकामा. चाल काळ्याची असेल तर त्याला बाजूला व्हावे लागते आणि पांढरा प्याद्याचा वजीर करतो. चाल पांढऱ्याची असेल, तर काळा नीट खेळून डाव बरोबरीत सोडवतो. पण राजा ई-६ वर, प्यादे ई-५ वर आणि काळा राजा ई-८ वर असेल, तर चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. म्हणून प्यादे आधी पळवू नका. राजाला त्याच्या पुढे चालवा. ए आणि एच या कडेच्या पट्ट्यांवर हा हिशेब लागू नाही. तिथे बचावाचा राजा कोपऱ्यात शिरला की डाव बरोबरीत सुटतो.

दुसरा धडा चौरसाचा. मोकळे प्यादे पळत सुटले, आपला राजा त्याला गाठील का? बोटे मोजू नका. प्यादे ए-४ वर असेल तर ए-४, ए-८, ई-८, ई-४ असा चौरस मनात आखा. आपल्या चालीला राजा त्या चौरसात पाऊल टाकू शकला तर प्यादे सापडते, नाहीतर गेले. वाट मात्र मोकळी हवी.

तिसरा धडा राजा आणि एका हत्तीने मात करण्याचा. घरात कुणालाही समोर बसवून रोज दोनदा करून पाहा. हे तीन धडे ज्याला येतात, तो हरत आलेले कितीतरी डाव वाचवतो.

एकट्याने नको, चौघांनी शिका

सांगलीला आज बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. तिथे १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू झाले आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर ते सांभाळले, मुले घडवली, स्पर्धा भरवल्या. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच सांगलीच्या.

केरळात त्रिशूर जिल्ह्यातले मारोट्टिचाल हे खेडे एके काळी दारू आणि जुगाराने पोखरलेले होते. तिथल्या उन्नीकृष्णन नावाच्या चहावाल्याने आपल्या दुकानात लोकांना बुद्धिबळ शिकवले, आणि हळूहळू गावाचे वळण बदलले. पट मांडला की दारू सुटते असा मंत्र मी देत नाही. पण संध्याकाळी बसायला चांगली जागा आणि चांगली संगत मिळाली तर वाईट जागेची ओढ कमी होते, एवढे त्या गावाने दाखवून दिले.

आणि भगिनींनो, हा खेळ ओट्यावरच्या पुरुषांचाच नाही. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या तीन वर्षांची विजेतेपदे मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या तीन सख्ख्या बहिणींनी ओळीने घेतली. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हा पट घरातही मांडा, लेकीला आणि सुनेला समोर बसवा. घरच्यांसमोर हरण्याची ज्याला सवय झाली, तो बाहेर हरायला भीत नाही.

आठवड्याचे नियोजन

रोज अर्धा तास काढा. पंधरा मिनिटे दोन-तीन चालींत मात करण्याची कोडी सोडवा. ती पुस्तकांत मिळतात आणि लिचेससारख्या मोबाईलवरच्या मोफत सोयीतही. उरलेली पंधरा मिनिटे शेवटच्या खेळाचा एक धडा. आठवड्यातून एक डाव सावकाश, तासभर बसून, लिहून खेळा आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या खेळाडूलाच घेऊन तो तपासा. हंगामात लावणी-कापणीच्या दिवसांत खंड पडला तर पडू द्या. वही जपून ठेवा, पुन्हा तिथूनच सुरू करा. सहा महिन्यांनी पहिले दहा डाव उघडून पाहा. आपण काय-काय चुका करीत होतो हे वाचून हसू येईल. ते हसू आले म्हणजे खेळ सुधारला समजा.

पाचवीतल्या पोराने मात दिली म्हणून पटावरून उठू नका. त्यालाच म्हणा, "बाबा रे, बस जरा, माझे कुठे चुकले ते दाखव." पोराला अभिमान वाटेल आणि तुम्हाला फुकटचा मास्तर मिळेल. शेतात नवे बियाणे आले तेव्हा पन्नाशीतही आपण शिकलोच ना? मग चौसष्ट घरांपुढे कच का खायची?