यंत्र-साहाय्यकास प्रश्न कसा विचारावा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकानें आतां कचेऱ्यांप्रमाणें दप्तरखान्यांत व ग्रंथालयांतहि प्रवेश केला आहे. इ. स. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी सर्वांस खुलें झालें. तेव्हांपासून पत्रांचे गोषवारे, याद्या व तर्जुमे यांच्या कामीं अशा साहाय्यकांचा उपयोग वाढत गेला. त्याबरोबर एक तक्रारहि वाढली. ती ही कीं, हें यंत्र चुकीचें उत्तरहि बरोबर उत्तराइतक्याच ठामपणें देतें. तक्रार खोटी नाहीं. परंतु या चुकांपैकीं कांहीं यंत्राच्या स्वभावांतून येतात व कांहीं आपल्या अपुऱ्या प्रश्नांतून. दुसऱ्या प्रकारच्या चुका टाळणें बहुतांशीं आपल्या हातीं आहे, हें कालनिर्णयाच्या एका उदाहरणानें दाखवावें असा आमचा हेतु आहे.

प्रथम यंत्राचा स्वभाव पाहूं. विपुल मजकुरावर शिकविलेला हा साहाय्यक, पुढें कोणता शब्द येणें संभवनीय आहे याचा हिशेब करीत उत्तर रचितो. आपल्या समोरचा कागद कोणत्या रुमालांतला, त्याच्या मागचें-पुढचें पत्र कोणतें, हें आपण सांगितल्यावांचून त्यास कळत नाहीं. जें सांगितलें नाहीं त्याची जागा तो संभवनीय कल्पनेनें भरून काढतो, आणि ती भर उत्तरांत वेगळी ओळखूं येत नाहीं.

आतां असें समजूं कीं, एका पेशवेकालीन मोडी पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा सन आहे. यादी करणारानें तो आंकड्यांत उतरून घेतला व साहाय्यकास विचारिलें, ‘सन ११६१ म्हणजे इसवी सन कोणता?’ या प्रश्नास निदान तीन उत्तरें संभवतात. हिजरी धरल्यास १७४८, दक्षिणी फसली धरल्यास १७५१-५२, सुहूर धरल्यास १७६०-६१. तिन्ही आपापल्या हिशेबानें बरोबर आहेत. परंतु शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरांत निवर्तले. तेव्हां पत्रांतील ‘महाराज छत्रपति’ हे शाहू कीं त्यांच्यामागून गादीवर आलेले रामराजे, हें या एका निर्णयावर अवलंबून राहतें. यंत्रानें १७४८ हें उत्तर दिलें तर सगळा दोष त्याच्या माथीं मारतां येणार नाहीं. सनाचे अरबी शब्द ही मोडी पत्रांत सुहूर गणनेची ठळक खूण होय, आणि तीच प्रश्नांतून गळाली.

तोच प्रश्न असा विचारावा: ‘पुढील मजकूर पेशवेकालीन मोडी पत्राचें लिप्यंतर आहे. सन अरबी शब्दांत आहे. तो कोणत्या गणनेचा, हें कारणांसह सांगा. सुहूर ठरल्यास, मृगारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व तेथून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवून इसवी सन काढा. हिशेब पायरीपायरीनें मांडा. मजकुरांत आधार नसेल तेथें तसें लिहा. अंदाज करूं नका.’

या प्रश्नांत चार गोष्टी साधल्या आहेत. मूळ मजकूर जसाचा तसा दिला. त्याची जात व काळ सांगितला. रीति नेमून दिल्यामुळें चूक कोणत्या पायरीवर झाली हें तपासतां येतें. आणि ‘ठाऊक नाहीं’ म्हणण्यास मोकळीक दिली. या मोकळिकीनें कल्पित उत्तरें कमी होतात, अजीबात थांबत नाहींत. याशिवाय एक पथ्य पाळावें. ‘हें पत्र शाहूच्या कारकीर्दींतलें आहे ना?’ असें विचारूं नये. विचारणाराच्या मताकडे झुकण्याची या यंत्रांस खोड आहे. उत्तर प्रश्नांतच ठेविलें तर तेंच परत मिळण्याचा संभव असतो.

नेमून दिलेली रीति यंत्र बरोबर चालवितें कीं नाहीं, हें ज्ञात दिवसावर आधीं पाहावें. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, बुधवार, ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्या वेळीं सुहूर सन ११६१ चालू होता. त्यांत ६०० मिळविल्यास १७६१ येतात. नंतर पत्रांतील अंतर्गत पुरावा घ्यावा. त्यांत भाऊसाहेबांच्या पानिपतच्या मुक्कामाची वार्ता असेल, तर १७४८ व १७५१-५२ हीं दोन्ही उत्तरें आपोआप बाद होतात.

ही पडताळणी त्याच यंत्राकडून मात्र करवूं नये. इ. स. २०२३ मध्यें न्यूयॉर्क येथील एका दाव्यांत वकिलांनीं चॅटजीपीटीनें रचलेले, अस्तित्वांत नसलेले निवाडे न्यायालयापुढें ठेविले. ते खरे आहेत काय, असें त्यांपैकीं एकानें यंत्रासच विचारिलें होतें व यंत्रानें होकार दिला होता. न्यायालयानें ५,००० डॉलर दंड केला. इतिहासाच्या क्षेत्रांत असा दंड कोणी करीत नाहीं. म्हणून तेथें चूक अधिक काळ टिकते. यादींत एकदां शिरलेला खोटा सन पुढील लेखक विश्वासानें उचलतो, आणि त्याच्यापासून तिसरा.

यासाठीं आमची सूचना इतकीच कीं, साहाय्यकाच्या मदतीनें काढलेल्या प्रत्येक तारखेपुढें यादींत तसें नमूद करावें, विचारलेला प्रश्न शब्दशः जपून ठेवावा, आणि मूळ कागद व जंत्री यांशीं ताडून पाहणाराचें नांव त्याखालीं लिहावें. आधारावांचून कांहीं लिहूं नये हा मल्लिनाथाचा दंडक आहे. तो पाळण्याची जबाबदारी यंत्राची नाहीं. यादीवर जो सही करील त्याची आहे.